पंचवीस शब्दांची परीक्षा

मुलांनो, आधी एक करून बघू. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि समोरच्या माणसाला काहीतरी बोलायला सांगा. त्याच्या ओठांकडे नीट बघा. एखादा शब्द कळला? 'आई' कळला असेल, 'बाबा' कळला असेल, पुढचं सगळं निसटलं असेल. आता हात काढा. आणि अशी कल्पना करा, की तुमच्या भोवती पन्नास यंत्रं एकदम धडधडताहेत, तुम्ही तिथं रोज आठ तास उभे आहात आणि हे वीस वर्षं चाललंय. मग ओठांवरचं बोलणं तुम्ही वर्तमानपत्र वाचावं तसं वाचू लागाल.

अशी माणसं खरोखर असतात. यंत्रमागावर काम करणारे लोक असेच बोलतात. आपल्या गोष्टीतली केतकी हावळ त्यांच्यातच वाढली. गोष्ट आजची नाही, अजून पंधरा-वीस वर्षांनी घडायची आहे. गाव इचलकरंजी. केतकी अकरा वर्षांची, सहावीत. तिचे वडील टेम्पो घेऊन आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. तिची आई शैलजा अजितशेठ मगदूम यांच्या कारखान्यात चार माग सांभाळते.

मागावर धोटा असतो. होडीसारखा, टोकदार, पोटात सुताची कांडी घेतलेला. तो इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी लाकडावर आपटतो. मिनिटाला दीडशे वेळा. असे पन्नास माग एका पत्र्याच्या शेडमध्ये लावले, की आवाज जातो शंभर डेसिबलपर्यंत. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. हे माप जरा फसवं आहे. नव्वद आणि शंभर यांत दहाचाच फरक दिसतो, पण शंभर डेसिबलच्या आवाजात नव्वदच्या दहापट ताकद असते. अशा आवाजात पंधरा मिनिटं काढली तरी पुष्कळ झाली, असं कानाचे डॉक्टर सांगतात. शैलजा आठ तास काढत होती.

तिथं ओरडून उपयोग नसतो. म्हणून बायका-पुरुष ओठ मोठे हलवून, आवाज न काढता बोलतात. जोडीला खुणा. दोन बोटं एकमेकांवर आपटली म्हणजे दोरा तुटलाय. कॉलर ओढली म्हणजे शेठ येतोय. केतकी चालायला लागली तेव्हापासून शेडच्या दारात उभी राहून आईशी बोलायची. 'भूक लागलीय,' ती दारातून ओठांनी सांगायची. पलीकडच्या टोकावरून आई तशीच उत्तर द्यायची, 'डब्यात चपाती आहे, जॅम नाही.' केतकी म्हणायची, 'मग भूक नाही.'

आता थोडं कानाच्या आत जाऊ. फार खोल नाही, बोटाच्या दोन पेरांएवढं.

बाहेरचा आवाज कानाच्या नळीतून आत जातो आणि पडद्यावर आदळतो. पडदा हलतो, त्याच्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात आणि ती हालचाल पोचते एका वाटाण्याएवढ्या, गोगलगायीच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत. तिच्यात पाणी असतं, आणि त्या पाण्यात सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी उभ्या असतात. पाणी हललं की त्यांचे केस झुकतात आणि मेंदूला निरोप जातो.

या रस्त्यावर अडथळा आला तर कमी ऐकू येतं. नळीत मळ साठला, पडद्याला भोक पडलं, सर्दी कानात उतरून पू झाला, हाडं आखडली. केतकीच्या वर्गातल्या समर्थचा कान असाच वाहायचा. डॉक्टरांनी तो साफ केला, थेंब दिले, पुढे पडद्यावर छोटी शस्त्रक्रिया केली, आणि आता तो मागच्या बाकावरून कुजबुज ऐकतो. असे अडथळे बहुतेक वेळा दूर करता येतात. (आणि म्हणून कानात पिन, काडी किंवा गरम तेल घालायचं नसतं. डॉक्टरांकडे जायचं असतं.)

पण त्या केसाळ पेशीच मेल्या तर? म्हातारपणानं मरतात, काही कडक औषधांनी मरतात, गोवर-गालगुंडात मरतात, काही मुलं जन्मतःच त्या कमी घेऊन येतात. आणि मोठ्या आवाजानं तर हमखास मरतात. पायाखाली आलेलं गवत पुन्हा उभं राहतं, पण रोज त्याच्यावरून रोलर फिरवला तर माती उरते. कोंबडीच्या कानात या पेशी महिन्याभरात पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. मग राहतं श्रवणयंत्र, नाहीतर कानात तार बसवण्याची शस्त्रक्रिया.

आता विज्ञानाचं ते पुढचं पाऊल, जे आपल्या गोष्टीत पडलं आहे. कोंबडीचं कोडं एका प्रयोगशाळेनं सोडवलं. केसाळ पेशींच्या बुडाशी दुसऱ्या साध्या पेशी असतात. त्यांना आधारपेशी म्हणू. एक औषधी जेल सुईनं पडद्यामागे सोडलं की यातल्या काही आधारपेशी रूप बदलून केसाळ पेशी बनतात. बहिऱ्या कानात पुन्हा गवत उगवतं. औषधाचं नाव ठेवलं श्रवणांकुर. लोक नुसतं अंकुर म्हणत.

मागांच्या आवाजानं बहिऱ्या झालेल्या शैलजानं पहिला अंकुर घेतला तेव्हा केतकी पाच वर्षांची होती. दीड महिना काही झालं नाही. मग एका सकाळी पोहे भाजताना शैलजा थबकली. कढईतून चुरचुर आवाज येत होता. ती गॅसपाशी वाकून ऐकत राहिली आणि पोहे करपले. त्याच दिवशी शाळेतून आलेली केतकी धडाधड बोलत सुटली, तर आई तिच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?" केतकीनं विचारलं.

"तू 'र'ला 'ल' म्हणतेस. मला कुणी सांगितलंच नाही."

ओठांवर ते दिसत नाही ना. पाच वर्षं आईला लेकीचा बोबडेपणा माहीत नव्हता. त्या वर्षी दोघी दिवा लागल्यावर ओट्याला टेकून नुसत्या बोलायच्या. केतकी आईकडे पाठ करून गृहपाठ करायची आणि तरीही बोलत राहायची. आई पाठीमागून उत्तर द्यायची.

इथवर गोष्ट सुखाची आहे. पण अंकुर आल्यावर मोठ्या माणसांनी एक विचित्र निर्णय घेतला. आधी नियम होता, की मागांखाली रबराचे जाड ठोकळे घाला, भिंतींना आवाज शोषणारे पत्रे लावा, कामगारांना आवाज अडवणारे कानटोप द्या. निम्म्या कारखान्यांनी ते केलंही होतं. आता कारखानदार म्हणाले, कान परत उगवतात, मग हा खटाटोप कशाला? नियम बदलला. जिथं कामगारांना दर तीन वर्षांनी अंकुर मिळतो, तिथं आवाजाला मर्यादा नाही. ठोकळे निघाले. अग्निशमनाचा बंब गावात आला म्हणून कुणी अंगणात रॉकेल शिंपडायला लागावं, तसं ते होतं.

आणि एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. आधारपेशी म्हणजे घरातलं बियाणं. दर वेळी त्यातलं काही पेरायचं. पोतं किती पेरण्या पुरेल? कंपनीचं उत्तर तयार होतं. तीन तर नक्की. इचलकरंजीतच पाहणी झालीय, तिसऱ्या डोसनंतरही शंभरातल्या ऐंशी जणांना उत्तम ऐकू येतं.

शैलजाचा दुसरा अंकुर केतकी आठ वर्षांची असताना झाला. या खेपेला पोह्यांचा आवाज आला नाही. पण दर सहा महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेत तिला पंचवीसपैकी बावीस गुण पडत. कार्डावर लिहून यायचं, 'श्रवण उत्तम'. आई ते कार्ड फ्रिजवर लावायची. आणि आता येत्या शुक्रवारी तिसरा अंकुर होता.

सोमवारी केतकी शाळेतून आली तेव्हा गॅसवर कुकर ओरडत होता. आई शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, दाराकडे पाठ करून. केतकीनं दारात उभं राहून मोजलं. चौथी शिट्टी, पाचवी, सहावी. आईनं टॉवेलची घडी घातली. सातवी. मग करपल्याचा वास आला तशी ती दचकून उठली.

"अगं, आलीस कधी? बंद करायचा नाही होय कुकर?"

केतकीनं फ्रिजवरच्या कार्डाकडे पाहिलं. पंचवीसपैकी बावीस.

मंगळवारी डोसच्या आधीची परीक्षा होती, आणि केतकी हट्टानं आईबरोबर गेली. शेठच्या ऑफिसाला लागून एक लहान खोली. टेबलावर टीव्हीसारखा पडदा, जाड वायरचा हेडफोन. बिनवायरचे होते, ते हरवले. परीक्षा घ्यायला सांगलीहून देवस्थळी मॅडम आल्या होत्या. श्रवणतज्ज्ञ, वय तिशीच्या आत, नोकरीला लागून पंधरा दिवस झालेले.

केतकीनं त्यांना विचारलं, "मॅडम, समर्थची परीक्षा शिट्ट्यांनी घेतली होती. बारीक, जाड, हळू. इथं तसं नाही?"

"ती बंद खोलीत घ्यावी लागते. भिंतीतून मागांचा आवाज आला तर बारीक शिट्ट्या बुडतात. इथं तशी खोली नाही, म्हणून कंपनीनं शब्दांची परीक्षा ठरवलीय." मॅडमनी पडदा चालू केला. "नुसत्या आवाजाला लोक बिचकतात म्हणून ही बाई ठेवलीय. हसतमुख आहे की नाही?"

पडद्यावर हिरव्या साडीतली एक बाई हसत होती. ती एकेक शब्द बोलायची, ऐकणाऱ्यानं तो म्हणायचा, यंत्र बरोबर-चूक ठरवायचं. मॅडम फॉर्म आणायला बाहेर गेल्या. बाई बोलू लागली आणि आई म्हणू लागली. "साखर. दरवाजा. पाऊस. चमचा."

सात शिट्ट्या न ऐकणारी आई. केतकी बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई फार छान, स्वच्छ बोलत होती. ओठ गोल करून, दात दाखवून. शेडच्या दुसऱ्या टोकावरूनसुद्धा वाचता आले असते असे ओठ.

केतकी टेबलामागे वाकली आणि तिनं हेडफोनची पिन उपटली.

"विहीर," आई म्हणाली. "उंबरठा. कापूस."

शेवटपर्यंत आई थांबली नाही. केतकीनं पिन परत खोचली. पडद्यावर आकडा आला, बावीस.

घरी जाताना केतकीनं विचारलं, "आई, त्या बाईचा आवाज कसा आहे गं?"

"जरा चिरका आहे. पण स्पष्ट बोलते बिचारी."

केतकी चालता चालता थांबली. पिन तर तिनं स्वतः उपटली होती.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. आईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तू खोटं नाही बोलत. तुला वाटतं ऐकू येतंय."

"वाटतं काय? ऐकू येतंय मला. तुझा आवाज मला येतो केतके. आत्ता येतोय. एवढं एकच आहे माझ्याजवळ, तेही काढून घ्यायला निघालीस?"

केतकीला रडू येत होतं. तिला दुसरा उपाय सुचला नाही. ती वळली, आईकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, शुक्रवारी डोस घेऊ नकोस. तुझ्याबरोबर मागावर असायच्या त्या मंगलमावशीनं जानेवारीत तिसरा घेतला. तिला आता लॉरीचा हॉर्नसुद्धा येत नाही. तिच्याही कार्डावर एकवीस आहेत. तुझं उरलंसुरलं जाईल आई."

ती वळली. आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बोल की आता," आई म्हणाली. "गप्प का उभी राहिलीस?"

मग तिनं लेकीचे भरलेले डोळे पाहिले, भिंत पाहिली आणि मटकन खाली बसली. नंतर केतकी आईच्या अगदी समोर बसली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी तोंड दाखवून.

बुधवारी कामावरून येताना शैलजा मंगलमावशीकडे गेली. मावशी अंगणात लसूण सोलत होती. शैलजा तिच्या मागे दोन हातांवर उभी राहिली आणि हाक मारली. मग ओरडली. मग जवळचं पितळी घमेलं उचलून फरशीवर टाकलं. शेजारच्या घरातून दोघं धावत आले. मावशी लसूण सोलत राहिली.

शुक्रवारी सकाळी माग बंद होते. शेडमध्ये ओळीनं तिन्ही पाळ्यांचे मिळून चाळीस जण उभे, पुढे मॅडमचं टेबल, बर्फाच्या पेटीत डोसच्या कुप्या. काहींची परीक्षा राहिली होती आणि खोली लहान पडेल, म्हणून परीक्षेचा पडदाही आज बाहेरच मांडला होता. ओळीत शैलजाचा नंबर पहिला. केतकी तिच्या बाजूला.

"शाळा नाही होय गं?" अजितशेठनी विचारलं.

"आहे. चुकवलीय."

"वा. आणि वर सांगतेयस."

शैलजा म्हणाली, "शेठ, मी डोस घेणार नाही."

शेठ हसले. "हावळबाई, घाबरायला काय पहिला आहे? तुमच्या कार्डावर बावीस आहेत. माझ्या कारखान्यात सगळ्यात भारी कान तुमचे."

"ते माझे डोळे आहेत शेठ. कान नाहीत."

ओळीत थोडी चुळबुळ झाली. मॅडमनी फॉर्मवरून मान वर केली. शैलजानं मंगळवारची गोष्ट सांगितली, मंगलमावशीचीही सांगितली. बोलताना तिचा आवाज कमी-जास्त होत होता, पण ती थांबली नाही. पिन उपटल्याचं ऐकून मॅडम उभ्याच राहिल्या.

"सगळा पोरखेळ आहे," शेठ म्हणाले. "तुमची पोरगी तुमच्याशी घरात तसंच बोलते, सवय आहे तुम्हाला. सगळ्यांचं तसं असतंय होय? मी स्वतः दोन डोस घेतलेत. खणखणीत ऐकू येतंय मला."

"तुमचे किती आले होते शेठ?" केतकीनं विचारलं.

"तेवीस."

"परत येतील?"

ओळीत कुणीतरी खुसखुसलं. शेठनी तिकडे डोळे वटारले आणि खुर्ची ओढली. "ये. लाव. बारा वर्षं मी ह्या हातानं धोटा भरलाय, माझ्या बापाच्या मागावर. मला शिकवतेस?"

त्यांनी हेडफोन चढवला. हिरव्या साडीतली बाई हसली. शेठनी पहिले तीन शब्द सांगितले. "बादली. शाळा. नारळ." केतकी टेबलामागे गेली, पिन उपटली आणि ती वायर हातात धरून ओळीसमोर उभी राहिली. हात उंच केला. चाळीस जणांनी ती लोंबती पिन पाहिली.

"कंदील," शेठ ठासून म्हणाले. "मिरची. वादळ."

कुणी हसलं नाही. आपलंच काहीतरी तिथं खुर्चीत बसलेलं दिसावं, तसे सगळे बघत होते. एका म्हाताऱ्यानं हळूच आपल्या कानाला हात लावला.

आकडा आला, वीस. शेठनी विजयानं मान वळवली, आणि त्यांना पिन दिसली.

"कधी काढलीस?"

"चौथ्या शब्दाला."

"खोटं. आवाज आला मला. बाईचा आवाज आला."

"आला असेल शेठ," देवस्थळी मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण त्या शेठसमोर येऊन उभ्या राहिल्या, तोंड दिसेल अशा. "माणूस कानानं ऐकत नाही, मेंदूनं ऐकतो. तुम्ही लहानपणापासून ओठ वाचलेत. ओठ हलले की मेंदू त्यांच्यावर आवाज चढवतो, मनानंच. तुम्हाला तो खराच वाटणार. थोडे गुण जातात, कारण प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. दुसऱ्या एखाद्या गावात ही परीक्षा चालली असती. या गावात ती घ्यायलाच नको होती." मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आणि ती पाहणी. तिसऱ्या डोसनंतर शंभरातले ऐंशी. तीही इथंच झाली. ह्याच पडद्यावर."

"म्हणजे?" शैलजानं विचारलं.

"म्हणजे तिसरा डोस चालतो की नाही, हे कुणालाच माहीत नाही. आधारपेशी संपल्यावर जेल घातलं तर आत नुसती सूज येत असेल. उरलेल्या पेशी त्या सुजेत मरत असतील. मला खात्री नाही. पण मंगलबाईंचं तुम्ही सांगता ते ऐकून मी आज सुई हातात धरणार नाही."

शेठनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी पुन्हा शेठची चर्या ओढून घेतली.

"मॅडम, तुम्ही नाही तर दुसरं कुणी येईल. डोस झाल्याचा दाखला नसेल तर सोमवारी मला शेड चालू करता येणार नाही. ऑर्डरी थांबत नाहीत. ज्याला घ्यायचा नाही त्यानं घरी बसावं. हावळबाई, तुमच्यापासून सुरुवात."

"बसते की," शैलजा म्हणाली. "पण तुमचे चार माग चालवणार कोण? माझ्यासारखं ओठावरचं वाचणारं माणूस बाजारात मिळतंय होय? मागांखाली रबर घाला. भिंतींना पत्रे लावा. कानटोप द्या. आधी होतंच की सगळं, तुम्हीच काढलंत. कान उगवत्यात म्हणून ते जाळायचा परवाना तुम्हाला कुणी दिला?"

"सरकारनं दिला."

"मग त्यांना सांगू. ह्या कानात काय उरलंय ते माझं आहे शेठ. दरवाज्यात लॉरी आली तर तेवढा धडाका मला येतो. पोरगी कानाशी येऊन बोलली तर थोडं येतं. ते मी कुणाच्या ऑर्डरीसाठी देणार नाही."

ती ओळीतून बाहेर आली आणि आपल्या मागापाशी जाऊन, त्याला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्यामागचा म्हातारा गेला. मग दोघी बहिणी गेल्या. उरलेले घुटमळत होते. काम सुटलं तर काय, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिला होता. शेठ पाय आपटत ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं.

मॅडमनी कंपनीत फोन लावला. त्या बराच वेळ ऐकत होत्या, मध्येमध्ये "पण सर" म्हणत होत्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"काय म्हणाले?" केतकीनं विचारलं.

"म्हणाले, एक कारखानदार आणि एक बाई यांच्यावरून काही सिद्ध होत नाही. लहान मुलीनं वायर काढली म्हणून कंपनी औषध मागे घेत नसते. दुपारी दोन वाजता दुसऱ्या मॅडम येताहेत, त्या डोस देतील."

"किती जणांवरून सिद्ध होतं?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "बाईचा चेहरा झाकून, नुसत्या आवाजावर, चाळीसच्या चाळीस जणांची परीक्षा झाली, तारीख-वेळ पडली, प्रत्येकाची सही झाली, तर तो कागद मी थेट आरोग्य खात्याला पाठवू शकते. मग कुणालाही तो नाकारता येणार नाही. पण आता साडेदहा झालेत. आणि लोकांना आपला खरा आकडा बघायचा असतो असं नाही केतकी. कार्डावर उत्तम लिहिलेलं असताना शून्य बघायला कोण बसेल?"

केतकीनं दप्तरातून इतिहासाच्या पुस्तकाचं तपकिरी कव्हर ओढून काढलं आणि चिकटपट्टीनं ते हिरव्या साडीतल्या बाईच्या हसऱ्या तोंडावर लावून टाकलं. पिन जागेवर खोचली. हेडफोन स्वतःच्या कानाला लावून आवाज येतो ना ते तपासलं. मग वहीचं कोरं पान उघडून त्यावर तारीख घातली आणि एकापासून चाळीसपर्यंत आकडे लिहिले.

शैलजा मागापासून आली आणि न सांगता खुर्चीत बसली. ती आठ वर्षांच्या मुलीसारखी घाबरलेली दिसत होती. कव्हरच्या मागून शब्द येत राहिले. ती भिरभिरत्या नजरेनं त्या तपकिरी कागदाकडे बघत होती आणि बराच वेळ तिचे ओठ मिटलेलेच होते. पंचवीसपैकी दोन.

शैलजानं आकडा पाहिला. वहीवर सही केली, ठळक, पूर्ण नाव. मग उठून ओळीकडे तोंड केलं आणि दोन बोटं वर केली, सगळ्यांना दिसतील अशी.

"दोन," ती म्हणाली. "माझे दोन आहेत. या आता."

म्हातारा पुढे आला. त्याचे चार. बहिणींपैकी एकीचा एक, दुसरीचे पाच. आता घुटमळणारे ओळीतून एकेक करून पुढे येऊ लागले. कुणी आकडा बघून हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं, पण सही प्रत्येक जण करत होता. साडेबाराला वहीत सव्वीस सह्या होत्या. मंगलमावशीला कुणीतरी घरून बोलावून आणलं, तिच्यासाठी केतकीनं एक्केचाळीसावा आकडा घातला. तिच्या पुढे शून्य आलं. मावशीनं ते शून्य बोटानं चाचपून पाहिलं, आणि अंगठा न देता सावकाश, अक्षर अक्षर करत सही केली.

एक वाजता ऑफिसाचं दार उघडलं. अजितशेठ बाहेर आले आणि टेबलापर्यंत येऊन थांबले. कुणी कॉलर ओढली नाही. शेठनी वहीकडे पाहिलं, झाकलेल्या पडद्याकडे पाहिलं. खुर्चीवर त्या वेळी एक तरुण बाई बसायला आली होती. तिनं शेठना बघून उठायला सुरुवात केली.

"मला बसू दे जरा आधी," शेठ म्हणाले. आवाजात हुकूम कमी होता, घाई जास्त.

केतकीनं त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग तोंड वर करून, शेठना प्रत्येक शब्द दिसेल अशा बेतानं म्हणाली, "बेचाळीस नंबर तुमचा. रांगेत या."

आणि तिनं त्या बाईच्या कानांवर हेडफोन चढवला.